कॅम्पर आणि बोटीसाठी मोठी बॅटरी घेताना

माझ्या कॅम्परमधली, म्हणजे झोपायची-राहायची सोय केलेल्या गाडीतली, पहिली मोठी बॅटरी घरातल्या इन्व्हर्टरखालून उचललेली होती. १५० एएचची (म्हणजे ॲम्पिअर-तासांची), उंच डब्याची ट्युब्युलर. घरी ती चार वर्षं निमूट चालली होती, म्हणून वाटलं गाडीतही चालेल. आंबा घाट उतरून साखरप्याला चहाला थांबलो आणि मागचं दार उघडलं तर घशाला खवखवणारा आंबूस वास. सहा झाकणांपैकी दोनांतून ॲसिड उसळून प्लायवर सांडलं होतं. प्लायखालच्या पत्र्याला महिन्याभरात गंजाचे पोपडे आले. बॅटरीत खोट नव्हती. ती एका जागी उभी राहण्यासाठी बनवलेली होती आणि मी तिला घाटातून फिरवली.

त्यानंतर माझ्या दोन गाड्या, मित्रांच्या तीन-चार आणि मालवणला मामेभावाची पर्यटकांची बोट, एवढ्यांच्या बॅटऱ्यांत हात काळे करून झाले. नवीन माणूस फोन करतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, किती एएचची घेऊ?" माझा उलट प्रश्नही ठरलेला: "परत भरणार कशी?" त्याचं उत्तर तयार असेल तर बाकीचं गणित शाळेतलं आहे. नसेल तर कितीही मोठी बॅटरी घ्या, तिसऱ्या रात्री फ्रीज बंद पडणार.

आधी दोन गोष्टी समजून घ्या

गाडीचं इंजिन सुरू करणारी बॅटरी आणि आपल्याला हवी ती डीप सायकल बॅटरी बाहेरून सारख्याच दिसतात. स्टार्टरच्या बॅटरीत पातळ प्लेटा भरपूर असतात. चार सेकंद शेकडो ॲम्पिअर द्यायचे आणि लगेच अल्टरनेटरकडून (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणारं यंत्र) भरून घ्यायचे, एवढंच तिचं काम. ती जेमतेम दोन-तीन टक्के उतरते. तिलाच रात्रभर पंखा आणि फ्रीज जोडून रोज तळाला नेलं तर प्लेटांवरचा लेप झडून खाली साचतो आणि एका मोसमात ती बसते. डीप सायकलच्या प्लेटा जाड असतात. ती एकदम फार करंट देत नाही, पण तासन्‌तास देते आणि निम्मी रिकामी झाली तरी तक्रार करत नाही.

बंदरावर हमखास ऐकू येतं, "ट्रकची १८० ची टाक, मोठी आहे." मोठी आहे, कबूल. पण ती मोठी स्टार्टर बॅटरी आहे.

दुसरी गोष्ट, डब्यावरचा एएचचा आकडा. १०० एएच म्हणजे १०० ॲम्पिअर एक तास, असं सगळे धरून चालतात. घरगुती बॅटऱ्यांवर त्याच्या शेजारी बारीक अक्षरात सी-२० लिहिलेलं असतं. म्हणजे हा आकडा २० तासांत रिकामी केली तर मिळणारा आहे: ५ ॲम्पिअर, २० तास. तीच बॅटरी तासाभरात ओढून काढली तर हाती ५५-६० एएचच लागतात. जास्त जोरात ओढलं की कमी मिळतं, हा नियम जर्मनीच्या पॉइकर्ट यांनी १८९७ साली मांडला आणि तेव्हापासून प्रत्येक लेड, म्हणजे शिसं आणि ॲसिडची, बॅटरी तो पाळत आली आहे. सोलरसाठी म्हणून विकतात त्या बॅटरीवर सी-१० असतं, म्हणजे आकडा १० तासांत रिकामी केली तरचा. सी-१० ची १५० आणि सी-२० ची १५० एका किमतीला मिळत असतील तर डोळे मिटून पहिली घ्या. तिच्यात प्रत्यक्षात माल जास्त आहे.

पहिली पायरी: वही काढा

शंभर पानी वहीचं एक पान पुरतं. गाडीत काय काय चालणार, किती वॅटचं, दिवसात किती तास. गुणाकार केला की वॅट-तास मिळतात. आमच्या दोघांच्या गाडीचं मे महिन्यातलं पान असं आहे:

फ्रीज, कॉम्प्रेसरचा १२ व्होल्टवाला, ४५ वॅट. उन्हाळ्यात २४ तासांतले १२ तास धडधडतो: ५४०.
दोन छोटे पंखे, २० वॅटचे, रात्री ९ तास: ३६०.
लॅपटॉप, ५० वॅट, ३ तास: १५०.
दिवे, सगळे मिळून १२ वॅट, ४ तास: ४८.
दोघांचे फोन: ४०.
पाण्याचा पंप, ६० वॅट, पाव तास: १५.

बेरीज ११५३. वायर, इन्व्हर्टर आणि बारीकसारीक गळतीचे १५ टक्के वर धरा, म्हणजे साधारण १३२५ वॅट-तास. १२ ने भागलं की ११० एएच. हा रोजचा खर्च.

या पानावर पंप सगळ्यात शेवटी आहे आणि फ्रीज सगळ्यात वर. नवखी मंडळी दिव्यांची काळजी करतात. दिवे काहीच खात नाहीत. फ्रीज आणि पंखा सांभाळला की सगळं सांभाळलं. फ्रीजच्या मागे हवा खेळायला चार बोटं जागा सोडली तेव्हा आमचा फ्रीज दिवसाला तास-दीड तास कमी चालायला लागला. त्या जागेला पैसे पडले नाहीत.

इंडक्शन शेगडीबद्दल सगळे विचारतात. १५०० वॅटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून १४० ॲम्पिअरच्या आसपास ओढते. चहापुरती पाच मिनिटं चालवली तर खर्च फार नाही, पण तो ओढा सहन करणारी बॅटरी, इन्व्हर्टर आणि मनगटाएवढ्या वायरी घ्याव्या लागतात. आम्ही पाच किलोचा गॅस सिलिंडर ठेवतो. चहा तितकाच चांगला होतो.

दुसरी पायरी: भरणार कशी

इथे घाई करू नका. सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढाच भाग वाचा.

कॅम्परची बॅटरी तीन वाटांनी भरते: छपरावरचं पॅनेल, धावत्या इंजिनाचा अल्टरनेटर, आणि मुक्कामी मिळाला तर विजेचा प्लग.

छपरावर ३०० वॅटचं पॅनेल आहे म्हणजे तासाला ३०० वॅट मिळतात असं नाही. ते आडवं पडलेलं असतं, धूळ बसलेली असते, तापलेलं असतं. चांगल्या उन्हाच्या दिवशी ९०० ते ९५० वॅट-तास आले तर मी खूश. वर एक पेच असतो: गाडी आंब्याखाली लावली तर आत गारवा, पण पॅनेलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी उत्पादन कोसळतं. उन्हात लावली तर पॅनेल खूश आणि फ्रीज दुप्पट धडधडतो. यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. आणि कोकणातला जुलै असेल तर पॅनेल जवळजवळ शोभेचं आहे असंच समजा.

अल्टरनेटरवर लोकांचा फार विश्वास असतो. "गाडी चालवली की भरतेच ना!" गाडीच्या बॅटरीला जाड वायर जोडून मागच्या बॅटरीला नेली की काम झालं, असं गल्लीतला ऑटो इलेक्ट्रिशियनही सांगेल. जुन्या डिझेल गाडीत लेड बॅटरीला ते अर्धंमुर्धं चालतं. बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी मधूनच व्होल्टेज खाली आणतो. तेवढ्यात मागची बॅटरी भरत नाही, कधी उलट रिकामी होते. म्हणून मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. गाडीकडून जे काही येईल ते घेऊन तो मागच्या बॅटरीला हवं तेच व्होल्टेज देतो. ३० ॲम्पिअरचा असेल तर तासाला ४०० वॅट-तास धरा. दोन तासांच्या प्रवासात ८०० आले.

तिसरी वाट होमस्टेच्या पडवीतला प्लग. ३० ॲम्पिअरचा चार्जर भिंतीतून साडेचारशे-पाचशे वॅट घेतो, म्हणजे यजमानांच्या साध्या ५ ॲम्पिअरच्या प्लगवर आरामात चालतो. आधी विचारा, आणि निघताना विजेचे वेगळे पैसे द्या.

आता गंमत अशी की वाट कितीही रुंद असली तरी बॅटरीचं तोंड किती मोठं आहे ते पाहावं लागतं. आमचा खर्च ११० एएच. लेड बॅटरी निम्म्याच्या खाली न्यायची नाही, म्हणून २२० एएच हवी. ट्युब्युलर तिच्या आकड्याच्या दहा टक्के करंटनं भरायची, म्हणजे २२ ॲम्पिअर. शिवाय ८० टक्क्यांपुढे ती घोट घोट प्यायला लागते. चार्जर कितीही दणकट असो, शेवटचे वीस टक्के तीन-चार तास खातात. निम्म्यावरून पूर्ण भरायला आठ-दहा तास लागतात. आपण दोन तास गाडी चालवतो आणि दुपारचं चार तास ऊन घेतो. म्हणजे बॅटरी रोज ८०-८५ टक्क्यांवर अडकते. अर्धवट भरलेल्या लेड बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि ते मग सुटत नाहीत. मित्राच्या गाडीतल्या दोन चांगल्या बॅटऱ्या सव्वा वर्षात अशाच गेल्या. त्यांनी कधी तळ पाहिला नव्हता, आणि काठही पाहिला नव्हता.

तेव्हा हिशेब असा करा. आठवड्यातून एकदा तरी बॅटरी प्लगवर रात्रभर राहणार असेल, म्हणजे शनिवार-रविवार फिरून घरी येणारे तुम्ही असाल, तर लेड परवडते. आठवडेच्या आठवडे बाहेर राहणार असाल तर लिथियमच.

तिसरी पायरी: जात निवडा

ट्युब्युलरबद्दल वर आलंच आहे. प्लेटा मजबूत, निम्मी-निम्मी वापरली तर हजाराच्या वर फेऱ्या (एकदा उतरवून परत भरली की एक फेरी) काढते, किंमत कमी, गावोगावी मिळते. पण उंच डबा, ५५-६० किलो वजन, पाणी टाकायची कटकट आणि हलती-डुलती जागा तिला मानवत नाही. गाडीतच ठेवायची तर ई-रिक्षासाठी बनवलेली घ्या. तीही डीप सायकलच, पण खड्ड्यांचा विचार करून केलेली आणि डबा बुटका. बंद गाडीच्या आत, झोपायच्या जागेत मात्र पाणी टाकायची कुठलीच बॅटरी नको. भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला की ठिणगी पुरते. बाहेर उघडणारा वेगळा कप्पा असेल तरच.

एजीएम आणि जेल याही लेडच्याच, पण बंद डब्याच्या असतात, पाणी नको, आडव्या झाल्या तरी सांडत नाहीत. इथे एक फसगत होते. दुकानदार "एसएमएफ" (बंद, देखभाल न लागणारी) म्हणून दाखवतो ती बहुधा यूपीएसची असते: महिनोन्‌महिने भरलेली बसून राहायचं आणि लाइट गेली की दहा-पंधरा मिनिटं चालायचं. रोज अर्धी रिकामी करायला ती बनवलेली नाही. माहितीपत्रकात फेऱ्यांचा तक्ता मागा. ५० टक्के वापरावर किती फेऱ्या, हे छापलेलं नसेल तर ती आपली नव्हे. जेलला जास्त व्होल्टेज खपत नाही, साधारण १४.१ च्या वर नेलं की आत बुडबुडे अडकतात आणि ते कायमचे.

लिथियम म्हणताना मी फक्त लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी म्हणतोय. फोनमधली लिथियम वेगळी, आणि गाडीत झोपणाऱ्याने तिच्या नादी लागू नये. एलएफपीचं रसायन १९९७ साली टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आलं. त्या शोधनिबंधावर ए. के. पाधी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही आपल्याकडची नावं आहेत. गुडइनफ यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या रसायनाची खासियत म्हणजे ते तापलं तरी सहजी पेट घेत नाही.

गाडीवाल्याला एलएफपीचा फायदा सरळ दिसतो. १०० एएचचा डबा १२-१३ किलोचा. ८० टक्के बिनघोर वापरता येते. आमचे १३२५ वॅट-तास १२.८ व्होल्टने भागले की लेडसारखी २२० एएचची भाषा करायची गरज उरत नाही. १३० पुरतात, म्हणून मी १५० ची घेतली. फेऱ्या दोन-तीन हजार सहज. आणि तोंड मोठं: ४० ॲम्पिअरने तीन तासांत दिवसाचा खर्च भरून निघतो. अर्धवट भरून ठेवली तरी तिचं काही बिघडत नाही, उलट तिला ते आवडतं.

तोटे? पहिल्या दिवशी खिसा जास्त हलका होतो. शून्य अंशाखाली ती भरायची नाही. महाराष्ट्रात हा प्रश्न येत नाही, पण स्पितीला निघालात तर येतो. आपला खरा प्रश्न उलटा आहे. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे बंद गाडीच्या आत जे तापमान होतं त्यात बॅटरीतला बीएमएस, म्हणजे आतलं राखणदार सर्किट, चार्जिंग बंद करतं. बॅटरी बिघडली म्हणून लोक घाबरून फोन करतात. ती बिघडलेली नसते, गरम झालेली असते. लेड मुकाट्याने सोसते, पण २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचं आयुष्य निम्मं होत जातं. कोणतीही घ्या, इंजिनाजवळ किंवा उन्हाच्या बाजूच्या पत्र्याला चिकटवून ठेवू नका.

एलएफपीला अल्टरनेटरची वायर थेट कधीच जोडू नका. ती देतील तेवढं ओढते. घाटात ट्रॅफिकमध्ये इंजिन मंद चालू असताना अल्टरनेटर तापून जळतो. आणि भरून झाल्यावर बीएमएसने एकदम तोडलं तर व्होल्टेजचा झटका बसून अल्टरनेटरमधले डायोड जातात.

चौथी पायरी: १२ की २४, एक की चार

इन्व्हर्टर हजार-बाराशे वॅटपर्यंत असेल तर १२ व्होल्ट पुरे. पंखे, पंप, फ्रीज सगळं १२ वर मिळतं. दोन हजार वॅटच्या वर जायचं असेल तर १२ व्होल्टवर करंट २०० ॲम्पिअरच्या घरात जातो. मग २४ चा विचार करा, वायरी निम्म्या जाडीत भागतात.

शक्य असेल तर एकच मोठी बॅटरी घ्या. चार लहान समांतर जोडल्या की त्यातली एक थकते आणि बाकीच्या तिघी रात्रभर तिला पाजत बसतात. दोन जोडायच्याच असतील तर एकाच दिवशी, एकाच बॅचच्या घ्या. आणि लोडची लाल वायर पहिल्या बॅटरीला, काळी दुसऱ्या बॅटरीला, म्हणजे तिरकी जोडणी करा. दोन्ही वायरी एकाच बॅटरीला लावल्या तर तीच राबते. जुनीच्या जोडीला नवी, लेडच्या जोडीला लिथियम, असले संसार टिकत नाहीत.

अमेरिका-कॅनडात आरव्ही (तिकडची राहायची गाडी) घेतलेल्या मराठी मंडळींना दुकानात वेगळी नावं ऐकू येतील. ग्रुप ३१ म्हणजे १०० एएचच्या आसपासचा १२ व्होल्टचा डबा. जीसी-२ ही गोल्फ कार्टची ६ व्होल्टची, २२० एएचच्या आसपास, एकीचं वजन २८-३० किलो. दोन मालिकेत जोडून १२ व्होल्ट करतात आणि लेडमध्ये तिकडे याहून चांगला सौदा मी पाहिलेला नाही. ८-डी हा बोटींवरचा राक्षस: २३० ते २५० एएच आणि सत्तर किलोच्या वर. दोघांनी उचलायचा, तोही बोटीच्या अरुंद जिन्यातून, म्हणून मी जीसी-२ च सुचवतो. थंडीत एक लक्षात ठेवा. भरलेली लेड बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही, पण रिकामी उणे सात-आठला गोठून फुटते. हिवाळ्यात आरव्ही अंगणात झाकून ठेवताना बॅटरी पूर्ण भरून, वायर काढून ठेवा.

पाचवी पायरी: दुकानात

सोबत साधा मल्टिमीटर आणि शक्य झालं तर हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) न्या. दुकानदार नाराज झाला तर दुकान बदला.

लेड बॅटरी असेल तर व्होल्टेज पाहा. पडून असलेली नवी १२.६ च्या खाली असेल तर ती गोडाऊनमध्ये बरेच दिवस उतरत होती. डब्यावरचा निर्मितीचा कोड वाचून दाखवायला सांगा. सहा महिन्यांहून जुनी नको. पाण्याची असेल तर सहाही झाकणं उघडून हायड्रोमीटरने ॲसिड ओढून बघा. मी एकदा बघितलं ते असं: पाच खणांत तरंगणारा फुगा हिरव्या पट्ट्यात, १२३५-१२४० वर थांबला. चौथ्या खणात तो लाल पट्ट्यात बुडून बसला, ११५०. बाहेरून व्होल्टेज फक्त थोडं कमी दिसत होतं. एक खण मेला की सगळी बॅटरी मेली. दुकानदार काका म्हणाले, "चार्जिंगला लावली की येईल वर." मी दुसरी मागितली.

लिथियममध्ये आतलं दिसत नाही, म्हणून तीन गोष्टी विचारा. बीएमएस सतत किती ॲम्पिअर देतो? १०० एएचच्या डब्यात ५० ॲम्पिअरचा बीएमएस असेल तर हजार वॅटचा इन्व्हर्टर चालणार नाही, मिक्सर लावला की अंधार. भरताना किती अंशांवर तोडतो? आणि क्षमतेची चाचणी करून दाखवणार का? ठरावीक लोड लावून रिकामी करायची आणि तास मोजायचे, एवढीच ती चाचणी. १०० एएचच्या डब्याचं वजन सात-आठ किलो भरलं तर आत १०० एएच नाहीत. वजनकाटा खोटं बोलत नाही.

वॉरंटी कार्डाची मागची बाजू वाचा. घरगुती वापरासाठी दिलेली वॉरंटी गाडीत बसवल्यावर चालेल का, हे लेखी विचारा. आणि जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता दुकानातच परत करा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, शिवाय शिशाचे पैसेही वळते होतात.

सहावी पायरी: बसवताना

बॅटरी चाकांच्या धुऱ्याजवळ, खाली, पट्ट्याने किंवा लोखंडी चौकटीने आवळून बसवा. अचानक ब्रेक लागला तर साठ किलोचा ठोकळा कुठे जाईल याचा विचार करा.

हजार वॅटच्या इन्व्हर्टरला १०० ॲम्पिअरच्या आसपास लागतात. एक-दीड मीटर अंतराला २५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, मी ३५ ची घालतो. थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) हातोडीने ठोकून नाही, क्रिंपिंग टूलने दाबून घ्या. लाल वायरीत बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. फ्यूज वायर वाचवायला असतो, इन्व्हर्टर वाचवायला नाही. म्हणून तो जितका लांब तितकी मधली वायर बेवारस. लिथियम शॉर्ट झाली तर हजारो ॲम्पिअर सोडते. साधा फ्यूज वितळूनही मधून आर्क चालू राहू शकतो, तिथे क्लास-टी जातीचाच लावा.

काम सुरू करण्याआधी अंगठी, कडं, घड्याळ काढून खिशात ठेवा. पाना दोन्ही टर्मिनलांवर आडवा पडला तर वेल्डिंगच्या सळीसारखा चिकटतो. काढताना आधी काळी, लावताना काळी शेवटी. सगळं झाल्यावर इन्व्हर्टरवर मोठा लोड लावून दहा मिनिटांनी प्रत्येक जोडाला हाताची उलटी बाजू लावा. जिथे चटका बसेल तिथला नट पुन्हा आवळा.

आणि एक मीटर हवाच. लेडला व्होल्टेज बघून चालतं: लोड काढून तास-दोन तास थांबल्यावर १२.७ म्हणजे भरलेली, १२.१ ते १२.२ म्हणजे निम्मी. एलएफपी ८० टक्क्यांपासून तिशीपर्यंत १३ च्या थोडं वरच अडून राहते, व्होल्टेजवरून काही कळत नाही. तिला शंट (करंट मोजण्यासाठी वायरीत बसवायची पट्टी) लावून आलेले-गेलेले ॲम्पिअर मोजणारा मॉनिटर घ्या.

बोटवाल्यांसाठी

बोटीत गाडीसारखं रस्त्याकडेला थांबता येत नाही. म्हणून इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी आणि बाकी सगळ्यासाठी वेगळी. वायरलेस, जीपीएस, फिशफाइंडर, दिवे, गाणी हे सगळं डीप सायकलवर. स्टार्टरच्या बॅटरीला कोणी हात लावायचा नाही. मामेभावाच्या बोटीवर आधी एकच होती. पर्यटकांनी नांगरावर दोन तास गाणी लावली, स्टार्टर फिरेना, आणि शेजारच्या होडीने ओढत आणलं. मालवणात ही गोष्ट त्याला अजून ऐकवतात.

बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणारा) मेन स्विचच्या आधीच, स्वतःच्या फ्यूजसह थेट बॅटरीवर. स्विच बंद करून घरी गेलात तरी रात्री पाणी आलं तर तो सुरू झाला पाहिजे.

बोटीत पाण्याची लेड बॅटरी शक्यतो नको. कलंडली की ॲसिड सांडतं हे एक, आणि खारं पाणी तिच्यात शिरलं तर ॲसिडशी मिळून क्लोरीन वायू होतो. जुन्या पाणबुड्यांतले खलाशी शत्रूइतकेच याला भीत. एजीएम किंवा एलएफपी घ्या आणि बिल्जच्या पाण्याच्या वर, पण जितकी खाली जमेल तितकी ठेवा. अमेरिकेतल्या एबीवायसी या बोटींच्या मानकसंस्थेचे दोन नियम मला सोपे वाटतात. बॅटरीला ९० पौंडांच्या जोराने ओढलं तरी ती एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये, आणि फ्यूज बॅटरीपासून सात इंचांच्या आत. टेप घेऊन मोजता येतं, वाद घालावा लागत नाही. वायर कथिलाचा मुलामा दिलेली घ्या. साधं तांबं खाऱ्या हवेत आतून हिरवं होऊन भुरभुरतं. टर्मिनलवर व्हॅसलीन.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, आणि सगळ्यात जास्त बॅटऱ्या याच दोन महिन्यांत मरतात. कोणी वापरत नाही म्हणूनच मरतात. लेड आपोआप महिन्याला पाच-दहा टक्के उतरते. बोट वर घेतली की लेड बॅटरी काढून घरी आणा, पूर्ण भरा आणि महिन्यातून एकदा रात्रभर चार्जरला लावा. एलएफपी उलट, निम्मी भरून, वायर सोडवून कोरड्या जागी ठेवा. नारळी पौर्णिमेच्या गडबडीत बॅटरीच्या दुकानासमोर रांगेत उभं राहावं लागणार नाही.

लांब जायच्या आधी

सगळं बसवून झालं की पहिली रात्र आपल्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये काढा. फ्रीज भरा, पंखे लावा, फोन लावा, रोजच्यासारखं झोपा. वॉचमन दोनदा टॉर्च मारून बघून जाईल, त्याला आधीच सांगून ठेवा. सकाळी सहाला सगळं बंद करा, तासाभराने मीटर बघा आणि आकडा वहीतल्या बेरजेखाली लिहा. लेडमध्ये १२.२ किंवा वर दिसलं तर उरलेली सुट्टी कुठे घालवायची ते ठरवायला घ्या. ११.९ दिसलं तर लिफ्टने वर जा, चहा करा आणि वही पुन्हा उघडा. फ्रीज १२ तास चालतो असं लिहिलंय, तो बहुतेक अठरा तासांच्या हिशेबाने चालला आहे.